मुकादमांची रेघ

रस्त्याला खड्डा वरून पडतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी आयुष्यात कधी रस्ता फोडलेला नसतो. हे मुकादमांचं ठाम मत, आणि मत मुकादमांचं असलं की दुरुस्तीच्या गँगमध्ये त्याला कायद्याचं वजन असे. कुणी नवा माणूस कामावर आला की पहिल्याच दिवशी त्याला रस्त्याच्या कडेला उकिडवं बसवून ते हे पुराण सांगत. डांबराला आधी केसाएवढी भेग पडते. ती कुणाच्या बापाला दिसत नाही, पाण्याला मात्र बरोबर दिसते. पाणी आत उतरतं, खालच्या खडीतली माती भिजवतं. मग वरून चाकं जातात. प्रत्येक चाक त्या पाण्याला दाबतं आणि दाबलेलं पाणी वाट काढताना चिमूटभर माती बरोबर घेऊन जातं. अशी हजार चाकं, दहा हजार चाकं. खाली आधी वाटीएवढी पोकळी होते, मग परातीएवढी. वर डांबराची साय मात्र जशीच्या तशी, काळीभोर. मग एक दिवस एखादी साधी सायकल जाते आणि साय फाटते. लोक म्हणतात, काल तर इथे खड्डा नव्हता.

"नव्हता कसा?" मुकादम म्हणत. "वर्षभर होता. फक्त तोंड उघडलं नव्हतं."

म्हणूनच खड्डा दिसतो तेवढाच भरला तर सगळी मेहनत पाण्यात. आजूबाजूला पोकळी कुठवर गेली आहे ते आधी शोधायचं आणि तिथवरचा रस्ता कापून काढायचा. ते शोधायची मुकादमांची रीत ठरलेली होती. हातात पहार घ्यायची, खड्ड्यापासून वीत-वीत अंतरावर तिचं बूड रस्त्यावर आपटायचं आणि मान तिरकी करून ऐकायचं. खाली भरीव असलं की आवाज 'टण्' असा वर येतो. पोकळ असलं की 'बद्द' करून आतच बसतो. जिथे 'बद्द' संपून 'टण्' सुरू होतो, तिथे मुकादम खडूनं रेघ ओढत. त्या रेघेवर कटर चालायचा. रेघेच्या आत एक बोट नाही आणि बाहेर एक बोट नाही. मुकादमांची रेघ कुणी पुसायची नाही आणि तिच्याबद्दल तोंड उघडायचं नाही, हा गँगचा अलिखित नियम. तो मोडायची वेळ कधी आलीच नव्हती, कारण मुकादमांनी भरलेला खड्डा पुन्हा पडल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

रोलरवाला एकोणीस वर्षं त्या रेघेच्या मागोमाग रोलर चालवत आला होता. सात वर्षांपूर्वी त्याची लेक मुकादमांच्या मुलाला दिली आणि दोघे व्याही झाले. त्या दिवसापासून गँगनं दोघांचंही नाव 'व्याही' करून टाकलं. कुणी "ओ व्याही!" अशी हाक मारली की दोन डोकी एकदम वळत, आणि पोरं खी खी करत. रोलरवाला स्वभावानं गरीब, जरा भित्रासुद्धा. रोलरचं इंजिन सुरू करायच्या आधी तो न चुकता दोन्ही कानांत कापसाचे बोळे कोंबायचा. मुकादम त्यावरून त्याची यथेच्छ टर उडवायचे. ते स्वतः कटरच्या शेजारी, फोडायच्या यंत्राच्या तोंडाशी उघड्या कानांनी उभे राहत. कान बंद केले तर रस्ता ऐकणार कोण, असं त्यांचं म्हणणं. तीस वर्षं ते तसेच उभे राहिले.

आणि आता दोन महिन्यांत मुकादमांचे तीन खड्डे पुन्हा पडले होते.

तेही विचित्र रीतीनं. नवं भरलेलं ठिगळ पाटासारखं घट्ट, त्याला ओरखडासुद्धा नाही, आणि त्याच्या कडेचा जुना रस्ता गोलाकार खचलेला. पहिला दवाखान्याच्या फाटकासमोर, दुसरा बाजाराच्या कोपऱ्यावर, तिसरा शाळेमागच्या उतारावर. दवाखान्यापुढच्या खड्ड्यात एक नर्स सायकलवरून पडली आणि तिच्या हनुवटीला दोन टाके पडले. मुकादम तिला भेटून आले आणि आल्यावर डांबर बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. माल थंड आला होता म्हणे. गँगनं माना डोलावल्या. मुकादम म्हणतात म्हणजे माल थंडच असणार.

माल थंड नव्हता. रोलरवाल्याला हे पक्कं ठाऊक होतं, कारण त्याला रस्ता कानानं नव्हे, बुडानं कळायचा. इतकी वर्षं त्याच लोखंडी सीटवर बसून त्याच्या अंगात ते भिनलं होतं. भरीव रस्त्यावर रोलरचा हादरा सरळ पाठीच्या मणक्यात चढतो. पोकळ जागेवर तो मध्येच विरतो, गादीवर बसल्यासारखं वाटतं. त्या तिन्ही ठिकाणी रोलर ठिगळावरून उतरून कडेच्या रस्त्यावर गेला तेव्हा त्याला गादी लागली होती. म्हणजे रेघ आखूड पडली होती. मुकादमांची रेघ, आणि आखूड!

पहिल्यांदा त्यानं स्वतःच्या बुडालाच दोष दिला. मग हळूहळू बाकीच्या गोष्टी त्याच्या नजरेत भरू लागल्या. हल्ली "ओ व्याही!" म्हटल्यावर एकच डोकं वळत होतं. विनोद झाला की मुकादम इतरांची तोंडं बघून जरा उशिरा हसत होते. काहीही विचारलं तरी "हो, हो, बरोबर" म्हणून मोकळे होत होते. त्याला आधी वाटलं होतं की वयाबरोबर माणसाला थोडा शिष्टपणा येतो, तसलं काहीतरी असेल. खरं काय ते लक्षात आलं त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

सांगायचं कसं? त्यानं बायकोपाशी विषय काढून पाहिला. ती म्हणाली, आपली लेक त्या घरात आहे, तुम्ही तोंडाला कुलूप लावा. बायकोचं सोडा, त्याला स्वतःलाच जीभ रेटत नव्हती. अठरा वर्षांपूर्वी नवशिका असताना त्यानं रोलर नाल्यात घातला होता. नोकरी गेल्यातच जमा होती. तेव्हा मुकादमांनी साहेबांसमोर उभं राहून सांगितलं होतं की कडेची खूण मीच चुकीची केली, याचा काही दोष नाही. खूण बरोबर होती. त्या खोट्यावर रोलरवाल्याचा संसार उभा राहिला. अशा माणसाला तोंडावर म्हणायचं, तुमचे कान गेले? त्यानं महिनाभर तोंड दाबून बुक्क्यांचा मार सहन केला आणि रोज कामावर निघताना स्वतःला भेकड म्हटलं.

मग पुलाच्या चढाचं काम आलं.

पुलाला रस्ता जिथे मिळतो तिथे टोपलीएवढा खड्डा पडला होता. सकाळी एक बाजू बंद करून काम सुरू करायचं आणि दुपारी दोनला रस्ता मोकळा करायचा, कारण अडीचपासून शाळेच्या बसगाड्या तिथूनच वळून पूल चढत. मुकादम पहार घेऊन फिरले, मान तिरकी केली, ऐकलं, आणि खड्ड्याभोवती हातभर अंतरावर चौकोनी रेघ ओढून मोकळे झाले. कटरवाला यंत्र ओढत पुढे आला.

रोलरवाला थोड्या वेळापूर्वीच रोलर आणून पलीकडे लावत होता. लावताना तो त्या रेघेपासून चांगली चार पावलं लांबून आला होता, आणि तिथेही त्याला गादी लागली होती. मऊ, खोल गादी. भरलेली बस तिथे काय करेल ते त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. एकोणीस वर्षांत जे केलं नव्हतं ते त्यानं केलं. इंजिन बंद करून तो काम सुरू व्हायच्या आधीच सीटवरून खाली उतरला आणि कटरवाल्याला म्हणाला, की सगळ्यांना घेऊन चहा पिऊन या, आज माझ्याकडून. रोलरवाल्यानं स्वतःहून चहा पाजणं ही गोष्टच इतकी नवलाची होती की कारण विचारायला कुणी थांबलं नाही.

मग तो मुकादमांच्या अगदी समोर जाऊन उभा राहिला.

"व्याही, रेघ आखूड आहे," तो म्हणाला.

मुकादमांनी त्याच्या ओठांकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला. मग त्यांच्या तोंडाचा पट्टा सुटला. तुला रोलर पुढे-मागे करायची अक्कल कुणी दिली इथपासून ते नाल्यापर्यंत सगळं निघालं. रोलरवाला मान खाली घालून ऐकत राहिला. एरवी तो एवढ्यावरच माघारी फिरला असता. पण आज पाय हलेनात. अखेर मुकादमांनी पहार त्याच्या हातात कोंबली. म्हणाले, मी पाठ करून उभा राहतो. तू मार, मी सांगतो. एक जरी चुकलो तरी रेघ तुझी.

ते कठड्याकडे तोंड करून उभे राहिले. पलीकडच्या बाजूनं गाड्यांची रांग घरघरत चालली होती. रोलरवाल्यानं कानातले बोळे काढून खिशात ठेवले आणि पहार आपटली.

"भरीव," मुकादम म्हणाले. बरोबर होतं.

त्यानं दोन पावलं सरकून पुन्हा आपटली.

"पोकळ." हेही बरोबर.

तिसऱ्यांदा 'बद्द' आवाज आला आणि मुकादम "भरीव" म्हणाले. चौथ्यांदा 'टण्' आला आणि ते "पोकळ" म्हणाले. पाचव्यांदा पुन्हा चुकले. आवाज असा खणखणीत की त्यात शंकेला जागा नाही. सहाव्यांदा त्यानं पहार वर उचलली आणि ती खाली आणायला त्याचा हातच तयार होईना. ती तशीच हवेत राहिली.

"भरीव," मुकादम म्हणाले. "अगदी दगडासारखं."

बराच वेळ पुढचा ठोका नाही असं वाटून मुकादम वळले. त्यांनी हवेतली पहार पाहिली. मग व्याह्याचा चेहरा पाहिला. तिथे जे होतं ते समजायला कान लागत नव्हते.

ते कठड्याला टेकून हळूच खाली बसले. त्यांच्या अंगातली सगळी मुकादमकी एकाएकी उतरली होती आणि मागे एक थकलेला, धुळीनं माखलेला म्हातारा उरला होता. रोलरवाला त्यांच्या शेजारी बसला, मग काहीतरी आठवून उठला आणि त्यांना ओठ दिसतील असा समोर बसला.

"किती दिवस झाले?" त्यानं विचारलं.

"दोन वर्षं तरी," मुकादम म्हणाले. "आधी वाटलं मळ असेल. मग वाटलं जाईल. रेघ डोळ्यानं मारत होतो, सवयीनं."

चुकतंय असं वाटलं नाही का, असं रोलरवाल्यानं भीत भीत विचारलं.

"वाटलं ना. म्हणून तर डांबराला शिव्या दिल्या." ते आपल्या तळहातावरच्या खडूकडे बघत राहिले. "त्या नर्सच्या हनुवटीकडे मला बघवेना, व्याही. तरी दुसऱ्या दिवशी मी रेघ मारलीच. कान गेले म्हटल्यावर माझ्याजवळ उरतं काय?"

रोलरवाल्याला पुष्कळ बोलायचं होतं. पण तो बोलण्यातला माणूस नव्हता. त्यानं नुसता त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. त्या माणसावर आपला किती जीव आहे ते त्याला त्या दिवशी नीट कळलं.

गँग चहा पिऊन परतली तेव्हा मुकादम उभे होते. सगळ्यांसमोर त्यांनी बुटानं आपली रेघ घासून पुसली. कटरवाला बघतच राहिला. मुकादम म्हणाले, ही रेघ चुकीची होती. आधीच्या तीनही चुकीच्या होत्या, माल चांगला होता. मला ऐकू येत नाही. एवढं बोलून ते थांबले.

"मग आता ऐकायचं कुणी?" कटरवाल्यानं अखेर विचारलं. मग मुकादमांना कळावं म्हणून पुढे येऊन पुन्हा विचारलं.

मुकादमांनी रोलरवाल्याकडे बोट दाखवलं. पहार त्यांनी स्वतःच मारली. रोलरवाला तिच्याजवळ कान लावून वाकला आणि 'बद्द' आला की हात वर करू लागला. हात वर, हात वर, पुन्हा हात वर. नवी रेघ कुठल्या कुठे गेली, पार पुलाच्या तोंडापर्यंत. कापून वरचा थर उचलला तर खाली खडी जागेवर नव्हतीच. कठड्याच्या बुडातून झिरपणारं पाणी तिथे कित्येक महिने शांतपणे माती वाहून नेत होतं. एकानं पाय घातला तो गुडघ्यापर्यंत आत गेला. काहींनी पुलाकडे पाहिलं, काहींनी घड्याळाकडे.

पाणी वळवून, पोकळी भरून, डांबर घालून रोलर फिरेपर्यंत पाच वाजले. बसगाड्या लांबच्या रस्त्यानं पाठवाव्या लागल्या आणि ड्रायव्हरांनी मुकादमांना मनसोक्त शिव्या घातल्या. तेवढ्यापुरता बहिरेपणा त्यांच्या पथ्यावर पडला. रोलरवाल्यानं चारही कडांवरून रोलर सावकाश फिरवला. गादी कुठेच लागली नाही. हादरा थेट मणक्यात चढला आणि त्याला फार बरं वाटलं. मुकादमांनी साहेबांना फोन लावून दिला आणि कटरवाल्याला बोलायला सांगितलं, की तीनही जुने खड्डे पुन्हा कापायचे आहेत, चूक मुकादमांची आहे, आणि मुकादम उद्या स्वतः येऊन सांगतील.

निघताना ते रोलरवाल्याला म्हणाले, घरी चला. एकट्याला सांगायला जमायचं नाही.

दार लेकीनं उघडलं. सासरे आणि वडील दोघेही धुळीनं भरलेले, एकत्र, गंभीर चेहऱ्यानं उभे बघून ती दारातच अडून राहिली. कुणाला काही झालं का, हा तिचा पहिला प्रश्न. मुकादमांनी तो ऐकला नाही. ते बूट काढून आत खुर्चीवर बसले आणि त्यांनी एका दमात सांगून टाकलं. लेक म्हणाली, तरीच टीव्ही एवढा मोठा असतो. आणि पदर डोळ्यांना लावून ती पाणी आणायला स्वयंपाकघरात गेली.

पाच वर्षांची नात एव्हाना मुकादमांच्या मांडीवर चढली होती. तिनं दोन्ही हातांची ओंजळ करून त्यांच्या कानाला लावली आणि ओठ आत घातले.

"हे बघा," मुकादम व्याह्याला म्हणाले, आणि दिवसभरात पहिल्यांदा हसले. "रोज संध्याकाळी अशी कानात फुंकर मारते. इतक्या गुदगुल्या होतात." सवयीनं त्यांची मान डोलायला लागली होती. ती अर्ध्यावर थांबली. त्यांनी रोलरवाल्याकडे पाहिलं. रोलरवाल्याला समोरून पोरीचे हलणारे ओठ दिसत होते.

"बोलते का हो ती काही?" मुकादमांनी विचारलं.

रोलरवाल्यानं होकाराची मान हलवली.

मुकादमांनी नातीला उचलून समोर, गुडघ्यांवर बसवलं. तिला म्हणाले, आजोबांचे कान बिघडलेत बाळा, फुंकर तेवढी कळते. काय म्हणतेस ते मोठ्यानं सांग. तिनं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि मोठ्यानं सांगायचं नाही ते, आई ओरडेल, असं सांगितलं. हेही रोलरवाल्यालाच पुन्हा मोठ्यानं सांगावं लागलं. आई दारात येऊन म्हणाली, नाही ओरडणार, सांग.

"मी रोज विचारते, मला रोलरवर बसवायला नेता का," ती शब्द सुटे सुटे करत म्हणाली. "तुम्ही रोज हो म्हणता."

मुकादम तिच्या ओठांकडे बघत होते. "मग?" त्यांनी विचारलं.

"मग मी सकाळी बूट घालून दाराशी बसते. तुम्ही तसेच जाता."

लेकीच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला. सुट्टीच्या दिवशीसुद्धा ही पोर उठल्या उठल्या बूट का मागते, हे कोडं तिला कित्येक आठवडे सुटलं नव्हतं. रोलरवाल्यानं खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली, कारण दुसरीकडे कुठे बघण्यासारखं उरलं नव्हतं. तू कधी रागावली नाहीस का, असं मुकादमांनी विचारलं. नातीनं विचार केला. म्हणाली, तुम्ही विसरत असाल असं वाटलं, म्हणून रोज सांगत होते.

मुकादमांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. नातीनं फ्रॉकच्या टोकानं त्यांचा एक गाल पुसून दिला. मग पुन्हा त्यांच्या कानाशी गेली, आणि या वेळी एवढ्यानं ओरडली की शेजाऱ्यांनाही कळलं असतं. "उद्या?"

मुकादमांचे ओठ 'हो' म्हणायला उघडले होते. त्यांनी ते मिटले आणि व्याह्यांकडे वळून विचारलं.

"उद्या रोलर किती वाजता निघतो?"

"सात वाजता," रोलरवाला म्हणाला. आणि ऐकू गेलं नसेल म्हणून त्यानं खिडकीकडचं तोंड वळवून, त्यांच्याकडे नीट बघत, पुन्हा एकदा सांगितलं.